साधू म्हणायची सवय

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ वाचायचं काम आईकडे असायचं. काना-मात्रा इकडची तिकडे झालेली तिला खपायची नाही. कधी मी वाचायला बसले आणि एखादी ओळ गाळली, तर सगळ्यांसमोर मला थांबवायची. मला भयंकर राग यायचा, खरं सांगायचं तर अजूनही येतो.

एका वर्षी वर्षावास संपला आणि बायका म्हणाल्या, "आता दुपारी काई वाचत जा नं वं." आईनं वाचनालयातून एक जाडजूड रशियन कादंबरी आणली, मराठीत केलेली. नवरा आणि पोरगा सोडून दुसऱ्या माणसाकडे गेलेली बाई, आणि तिच्याकडे पाठ फिरवणारा सगळा बडा समाज. थंडीतल्या उन्हात आमच्या अंगणात बायका तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. आई वाचायला लागली की डोक्यावर पदर आणि तोंड बंद. वाचन संपलं की विहारातल्या सवयीनं तीनदा साधू, साधू, साधू, म्हणजे छान, उत्तम. त्या बाईनं नवऱ्याचं घर सोडलं त्या दिवशीसुद्धा. मी हसून हसून लोळले आणि आईचा धपाटा खाल्ला. त्या दुपारी मला आता फार हव्या आहेत, धपाट्यासकट.

कोपऱ्यात शेजारची मावशी बसायची. तिचंही तेच झालं होतं. उमरेडचा नवरा सोडून ती आमच्या गल्लीत दुसऱ्या माणसाबरोबर राहत होती. लहान पोरगा तिकडेच राहिला. दोन वर्षांत त्याला भेटायची तिची हिंमत झाली नव्हती. "तो आता मले काहून जवळ करन?" एवढंच म्हणायची आणि शेंगा सोलायची.

शेवटच्या दिवशी कादंबरीतली बाई रेल्वे स्टेशनावर पोचली. आई जरा थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचत गेली. ती बाई गाडीत बसली, पोराच्या गावी उतरली, पोरगा धावत येऊन बिलगला. बायका साधू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एसटीनं उमरेडला गेली.

यंदा आई गेली. तिच्या आठवणीनं मी ती कादंबरी विकत आणली आणि शेवट वाचून सुन्न झाले. ती बाई गाडीखाली जीव देते. काना-मात्रा जपणारी माझी आई धडधडीत खोटं वाचत होती.

मावशी आता उमरेडला मुलाकडेच असते. मला राहवलं नाही, गेले. चाचरत, पाल्हाळ लावत तिला सगळं सांगितलं. तिनं सोललेलं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"मले मालूम होतं वं," ती म्हणाली. "तुझी आई येवढा वेळ वाचून राहिली, अन् पान एकदाबी नाही पलटवलं."

"मग तू साधू काहून म्हटलं?"

"ते पुस्तकाले नाही म्हटलं, बाई. तुझ्या आईले म्हटलं."