मागच्या खोलीची लाईन

कोणाच्याही घरात शिरला की तो वायरमन आधी मीटरपाशी जायचा, फ्यूज उपसायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि खिशावर एक थाप मारायचा. "आता कुनाच्या बापाला लाईट चालू करता यायची न्हाई," म्हणायचा. मगच कामाला हात.

त्या काळी तुम्ही राहुरीत आमच्या पेठेत राहिला असाल, तर तुम्हीही त्याच्या नावाने बोटं मोडली असतील. एका लग्नघरातून तो दुपारी जेवायला खोलीवर गेला, तो फ्यूज घेऊनच. पंखे बंद, व्याही घामाघूम. वधूपिता धावत गेला. "अहो, फ्यूज द्या की!" तर हा ताटावरून म्हणतो, "दादा, जोड उघडा हाय. व्याही भिजला तर वाळंल. चिकटला तर सुटायचा न्हाई." भाकरी संपवूनच उठला.

मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातला. बायको-मुलं तिकडे भातशेतीवर, हा इथे एकटा. गळ्यात दोन वायरी लावलेला होल्डर आणि बल्ब, माळेसारखा. फ्यूज काढल्यावरही ती टोकं तारेला लावून बघायचा. बल्ब पेटला नाही, की तार मेलेली. काम करता करता पुन्हा एकदा बघायचा. मी हसले होते, "आत्ताच पाहिलंत ना?"

"बाई, तार मानसासारखी मरत न्हाई. परत उठती."

मी शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या पेठेचीच बाई.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात माझे यजमान मेंदूज्वरातून वाचून घरी आले. वाचले म्हणजे श्वास चालू होता. डोळ्यांवर उजेड पडला की भिंतीवर डोकं आपटायचे. दिवा मालवला की छातीवर कोणी बसलंय म्हणून किंचाळायचे. लाल झिरोचा बल्ब लावला, तर त्यांना भिंतीवर रक्त दिसू लागलं. कंदिलाच्या वासाने उलट्या. बल्बला जुनं पातळ गुंडाळलं, ते जळलं. एका दुपारी मी वर्गात फळ्याला टेकून झोपले. जागी झाले तेव्हा मनात आलं, हे मेले असते तर मी सुटले असते. आलं ते आलं.

शेवटी त्यालाच विचारलं. "थेटरात दिवं कसं हळूहळू उतरत्यात, तसं बटन मिळतं," तो म्हणाला आणि स्वतः पुण्याला जाऊन घेऊन आला. मूठभर डबी, वर गोल फिरकी. फिरवाल तेवढा उजेड.

आता घराबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी दिरांशी वाटणी होऊन मधोमध भिंत पडली होती. दोन दारं, दोन मीटर, बोलणं बंद. पण यजमान झोपायचे त्या मागच्या खोलीची तार बदलायची राहिली. ती जावेच्या मीटरवरच होती. आमचा फ्यूज उडाला तरी तिथला दिवा जळत राहायचा. जावेला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्याने आमचा फ्यूज खिशात टाकला, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "वाटनीचं घर दिसतंय. ह्या खोलीची लाईन पलीकडची तर न्हाई?"

जाऊ मळ्यात गेली होती. घराला कुलूप लावताना मेन स्विच पाडून जायची तिची सवय. म्हणजे तार मेलेलीच, आणि काम अर्ध्या तासाचं. खरं सांगितलं असतं, तर तो ती येईपर्यंत हात लावता ना. शिवाय मला तिच्या दारात उभं राहून विनवावं लागलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने बल्ब लावून पाहिला. पेटला नाही. जुनं बटण उतरवलं. खाटेवर यजमान कण्हत होते. त्याने पुन्हा गळ्याकडे हात नेला, तशी मी खेकसले, "किती वेळा बघाल? आटपा ना!"

त्याने हात खाली घेतला. तेवढ्यात पलीकडे कुलूप वाजलं, पाठोपाठ मेनचा खटका. मी ऐकलं. तोंड उघडेपर्यंत त्याची उजवी बोटं तारेवर आणि डावा हात खिडकीच्या गजावर, दोन्ही चिकटलेले. ओरडताही येईना त्याला.

मी भिंतीवर मुठी आपटल्या. "मेन पाड! अगं, मेन पाड!" तीन वर्षांत तिच्याशी बोललेले पहिले शब्द. तिने काही विचारलं नाही. पाडली.

जीव वाचला. तीन बोटं काढावी लागली. इस्पितळात चौकशीला वीज खात्याचे साहेब आले, तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्यांदा बघितलं न्हाई, साहेब. चूक माझी." परवाना गेला. मी शेजारी स्टुलावर मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

ते बटण पुढे दुसऱ्याने बसवलं. जाऊ मेन पाडून स्वतः तिथे उभी राहिली. यजमानांना त्या उजेडात झोप लागू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी एस.टी.ने अकोल्याला आणि पुढे जीपने त्याच्या गावी गेले. मी खोटं बोलले, असं साहेबांच्या नावे लिहून आधी त्याला दाखवायला नेलं होतं. परवाना मिळेल न मिळेल, नाव तरी धुऊन निघेल. ओट्यावर त्याची बायको तांदूळ पाखडत होती.

"राहुरीच्या बाई का?"

"हो."

कागद कशाचा, ते सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"गाव म्हनतं, हलगर्जी केली. ते बी तसंच म्हनत्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "तेवढ्यावर त्यांनी मन घट केलंय. आता तुमी सांगनार, की तुमच्यावर इस्वास ठिवला म्हनून हात गेला?"

आतून त्याचा आवाज आला, "कोन आलंय गं?"

माझ्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "कोन न्हाई."

जीप सुटायला अवकाश होता. कागद पिशवीत ठेवून मी चालतच निघाले.