जेवणाआधीची झोपेची गोळी

माझ्या मोठ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, लकडगंजमधल्या आपल्या वखारीत सागाच्या ओंडक्यावर हात फिरवून आतली पोकळी सांगतात. स्वतःच्या पोटात काय चाललंय, याचा मात्र त्यांना पत्ता नसतो. शोधायची गरजही वाटत नाही, कारण दोष कोणाचा हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

त्यांना मधुमेह आहे. गेल्या उन्हाळ्यात उपाशीपोटीची साखर बरी आणि जेवणानंतरची दोनशेचाळीसच्या आसपास, असं दर तपासणीत येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी हेच आलं तर इन्सुलिनची सुई सुरू करू. भाऊजी एवढे धिप्पाड, पण सुईचं नाव काढलं की घाम फुटतो. त्यांनी लगेच शेजारी बसलेल्या ताईकडे बोट दाखवलं.

"घरचं जेवणच तसं आहे, डॉक्टर. हिले किती सांगतलं, ऐकतच नाही."

ताई तेव्हा भाकरीचं पीठसुद्धा काट्यावर तोलून घेत होती. घरात भात शिजणं बंद झालं होतं आणि तिनं स्वतःही तो सोडला होता. डॉक्टरांसमोर तिनं फक्त मान खाली घातली, आणि सोबत गेलेल्या मला तिचा नाही, भाऊजींचा राग आला.

मला आकडे खटकत होते. वखारीत डबा खाल्ल्यावर भाऊजींची साखर घरच्या यंत्रावर एकशेऐंशीच्या घरात यायची. रविवारी बाजार बंद, म्हणून लॅबची तपासणी त्या दिवशी घरच्या जेवणानंतर व्हायची, आणि तेव्हाच ती साठाने वाढायची. डबा ताईच्याच हातचा, ताटही तिच्याच हातचं. मग स्वयंपाक दोषी कसा? भाऊजींनी एका वाक्यात निकाल लावला: घरचं यंत्र म्हणजे खेळणं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. पडदे ओढलेले, कुलर सुरू. पाटावर बसण्याआधी भाऊजींनी डबीतून जेलीसारखी मऊ, जांभळी गोळी काढून तोंडात टाकली. मी विचारलं तर अभिमानाने सांगू लागले. बाजारातल्या कोणीतरी दिली होती. झोपेची होती. जेवता जेवता चढते, हात धुतले की आडवं व्हायचं, वेळ वाया जात नाही. रविवारच्या झोपेसाठी त्यांनी ही सोय केली होती. दिवसाढवळ्या, भरल्या ताटाआधी झोपेची गोळी घेण्याची अक्कल दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

डॉक्टरांना सांगितलंत का, असं मी विचारलं.

"हे काय औषध आहे काय गा? नॅचरल आहे हे."

धोतऱ्याचं फळही नॅचरलच असतं.

डबीवर मेलाटोनिन लिहिलं होतं. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावून सांगितलं. अंधार पडला की शरीर मेलाटोनिन स्वतःच तयार करतं. झोपेची वेळ झाली हे ते शरीराला कळवतं, आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींनाही हात आखडता घ्यायला लावतं. रात्री माणूस जेवत नसतो, म्हणून चालून जातं. भाऊजी भर दुपारी शरीराला रात्र झाल्याचं कळवत होते आणि लगेच त्याच्यापुढे भाकरी, वरण, वांग्याची भाजी ठेवत होते. सगळ्यांवर हा परिणाम सारखा होत नाही, तेव्हा मोजून बघा, असं डॉक्टर म्हणाले.

मोजायचं म्हटल्यावर मी मागे हटत नाही. ताट तेच, वेळ तीच, यंत्र घरचंच. दोन रविवार गोळी घेऊन, दोन रविवार न घेता. भाऊजी कुरकुरले, "साळेबुवा, मी काय उंदीर आहो?" मी म्हटलं, उंदीर असली गोळी आपण होऊन खात नाही.

गोळी घेतली तेव्हा दोनशे अडतीस आणि दोनशे सेहेचाळीस. न घेता एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे एक्याण्णव. चार आकड्यांवर शास्त्र उभं राहत नाही, हे मलाही कळतं. डबी कचऱ्यात टाकायला तेवढे पुरेसे होते.

पुढच्या तपासणीत लॅबचा आकडाही खाली आला. डॉक्टर म्हणाले, सुईचं आता राहू द्या. भाऊजी खुर्चीत रेलले आणि ही भानगड आपण कशी पकडली ते डॉक्टरांना सांगू लागले. मी तिथेच बसलेलो, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ताईनं त्यांना मध्येच तोडलं. "मागच्या खेपेला इथंच माह्या जेवणाले नाव ठेवलं होतं तुमी. आता त्याचंही सांगा."

"आता झालं ना ठीक. काहून वाढवून राहिली वं?"

"सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भाऊजींनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मदत करणार नव्हतो. मग जेवणाचा दोष नव्हता, असं काहीतरी ते छातीकडे बघत पुटपुटले.

डॉक्टरांना ते खरोखर ऐकू गेलं नाही. ताईनं भाऊजींना पुन्हा म्हणायला लावलं.