पहिल्या हाकेला ओ

आमच्या पोंभुर्ण्याकडे जंगलात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. हाक कोणाची, काय ठाऊक! तिसऱ्यांदा आली तरच माणूस समजायचं. एकदाच हाक मारतो तो चकवा, ओ देणाऱ्याला घेऊनच जातो, असं सासूबाई सांगत.

आमचे हे भद्रावतीकडे कोळसा शोधायच्या बोर मशीनवर होते. ते काम संपलं आणि तेवढ्यात सरकारनं तेल-गॅस काढायला समुद्राचे नवे ब्लॉक कंपन्यांना दिले. ठेकेदार ह्यांना तिकडे घेऊन निघाला.

"समुद्र कसा काय ठेक्यानं देतेत जी?"

"तेंदूपत्ता तोडायले जंगलाचे युनिट नाई का देत ठेक्यानं? तसाच."

"जंगलात नाले हायेत, वावराले धुरे-बांध हायेत. पाण्यात हद्द कोन दाखवते?"

हे हसले. मला कसलं हसू येतं! सरकारचं काय जातं पाण्यावर रेघा मारायला? त्या रेघांच्या आत लोखंडी मचाणीवर माझा माणूस उभा राहणार होता.

मग एका दुपारी ठेकेदाराच्या कारकुनाचा फोन आला. रिगवर, म्हणजे त्या मचाणीवर, गॅसचा भोंगा वाजला, सगळ्यांना होड्यांपाशी गोळा करून हजेरी घेतली, आणि "तुमच्या मिस्टरांनी हजेरी दिली नाही. घरी काही फोन?"

"ते समुद्रात हायेत, मले काय विचारता?" मी ओरडले. हातातलं सूप पडलं, तांदूळ अंगणभर झाले. सासूबाईंना सांगायची हिंमत होईना. समुद्र मी पाहिलेला नाही. डोळ्यांसमोर सारखं वैनगंगेचं पुराचं गढूळ पाणी यायचं. देवा, त्यांना पोहतासुद्धा येत नाही!

दिवेलागणीला ह्यांचाच फोन आला.

"अवं, मी तिथीच होतो, सगळ्यात मांगं. भोंगा वाजून राह्यला, गर्दीत काई दिसे ना. कुठून तरी कोनी नाव घेतलं, तं मी गप राह्यलो."

"काऊन?"

"पहिलीच हाक होती ना."

हजेरी घेणाऱ्या साहेबानं दुसऱ्यांदा नाव घेतलंच नव्हतं. ह्यांना शोधायला दोन माणसं गॅसात शिरली होती. नशीब, धड बाहेर आली. मी रडले, हसले, तोंडाला येईल ते बोलले. शेवटी माझी शपथ घातली, "यापुढं पहिल्या हाकेलेच ओ द्या जी. मंग कुठी बी असा."

उन्हाळ्यात हे सुटीवर आले. आम्ही मोह वेचायला गेलो. मी खाली मान घालून फुलं टोपल्यात टाकत होते. तेवढ्यात दूर झाडांआडून ह्यांचा आवाज आला.

"ओऽ! आलो, आलो!"

मी हाक मारली नव्हती. आणि जंगलात आम्ही दोघंच होतो.

टोपलं तिथंच टाकून मी धावले, लग्नापासून कधी तोंडातून काढलं नव्हतं ते ह्यांचं नाव घेऊन ओरडत, पुन्हा पुन्हा.