विनी हॅस्लमच्या ठिणग्या

विनी हॅस्लमबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कोणी मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. पदार्थविज्ञानातली थोर बाई, अणूच्या पोटातलं गुपित तिनं जगाला दाखवलं, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिला ओळखते ती बाहीला नाक पुसायची तेव्हापासून.

आम्ही दोघी इंग्लंडमधल्या बोल्टन गावच्या. तिचा बाप घरोघरी शिशाचे नळ जोडायचा. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, घरात पियानो होता, आणि मी, मेबल एंटविसल, चर्चला हातमोजे घातल्याशिवाय जात नसे. विनी लाकडी तळाचे बूट खडखडवत शाळेत यायची आणि बाजारातल्या गाड्यापाशी उभी राहून व्हिनेगर शिंपडलेली थंड वजडी बोटं चाटत खायची. गणितात मात्र तिचा नंबर पहिला आणि माझा दुसरा. सात वर्षं! एका परीक्षेला तिला गोवर आला आणि मी पहिली आले. धावत घरी गेले, तर बाबा म्हणाले, "छान. पण हॅस्लमची पोरगी बसली नव्हती ना?"

शहरातल्या कॉलेजातही तेच. मग लढाई लागली, प्रयोगशाळेतले तरुण फ्रान्सच्या खंदकांत गेले आणि प्रोफेसर ग्रिमशॉ यांनी नाइलाजानं आम्हा दोघींना मोजणीला घेतलं.

काळ्या पडद्यांच्या खोलीत आधी अर्धा तास नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. रेडियममधून सुटलेला कण समोरच्या पडद्यावर आपटला की इवलीशी हिरवट ठिणगी उडते. मिनिटभर त्या मोजायच्या, आपल्या वहीत आकडा लिहायचा आणि दुसरीला जागा द्यायची. एकमेकींना आकडा सांगायचा नाही. या एका कामात मी विनीपेक्षा सरस होते. "मिस एंटविसलचे डोळे मांजराचे आहेत," असं खुद्द प्रोफेसर म्हणाले होते, तेही विनीच्या देखत. त्या दिवशी मला उकडलेला कोबीसुद्धा गोड लागला.

१९१७च्या मे महिन्यात त्यांनी सांगितलं, "सुट्टीनंतर तुमच्यातली एकच ठेवता येईल. जागा कायमची आहे." मी तेव्हाच ठरवलं, ही जागा काही झालं तरी विनीला मिळू द्यायची नाही.

पुढच्याच आठवड्यात मोजणीला आत जाताना टेबलावर मला पत्रा दिसला. रेडियम आणि पडदा यांच्यामध्ये काय ठेवलंय हे आम्हाला कळू नये असा नियम होता, पण दिसला त्याला मी काय करू? चांगला जाड होता. त्यातून एकही कण पार होणं शक्य नव्हतं. म्हणजे उत्तर शून्य.

मी डोळा लावला आणि मला सहा ठिणग्या दिसल्या. पुढच्या पाळीला पाच. मग पुन्हा सहा. प्रोफेसरांना शून्य हवं होतं, हे मला ठाऊक होतं. मी वहीत शून्य लिहिलं. तिन्ही वेळा.

दिवा लागल्यावर त्यांनी विनीची वही उघडली. "पाच, सात, सहा? मिस हॅस्लम, एवढ्या जाड पत्र्यातून काही येईल का?"

"येऊ नये सर. पण येतंय."

"येतंय! मग यांच्या वहीत शून्यं कशी?"

विनी माझ्याकडे वळली. "मेबल, तुला एकही दिसली नाही?"

"मला अंधार दिसला," मी म्हणाले.

"डोळे थकले की नसलेलं दिसायला लागतं," प्रोफेसर म्हणाले. "घरी जा. झोपा." मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

कोट घालताना तिनं पुन्हा विचारलं, "अगं, खरंच नाही? शपथ?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"हो गं. तू कशाला बोलशील," ती म्हणाली आणि पावसात निघून गेली.

जागा मला मिळाली. ती लीड्सच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला गेली. तिथं कोणाकोणाच्या हातापाया पडून तिनं एक पडकी खोली आणि चिमूटभर रेडियम मिळवलं. दोन वर्षं तोच प्रयोग. पत्रा बदलला, पडदा बदलला, मोजायला शिवणाच्या बाई आणि स्वयंपाकीणबाई बसवल्या, म्हणजे शून्य यायला हवं हे ज्यांना माहीतच नाही अशा. ठिणग्या येतच राहिल्या. १९१९ला तिनं निबंध छापला, की या ठिणग्या अणूच्या पोटातून सुटणाऱ्या नव्याच कणांच्या आहेत. मग पदकं, मग प्रोफेसरकी. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला की मी ते पान शेगडी पेटवायला घ्यायचे.

आणि मी? मी माझ्या कायमच्या जागेवर. पुढे विजेवर मोजणारी यंत्रं आली आणि मांजराचे डोळे कोणाला लागेनासे झाले. माझ्याकडे कपाटाच्या किल्ल्या आल्या आणि चंचुपात्रं विसळण्याचं काम.

१९४८ला माझ्या निरोपाचा चहा होता. नव्या प्रोफेसरांनी भाषणात माझं नाव चुकवलं. तेवढ्यात विनी आली, लीड्सहून, कोणी बोलावलं नसताना. माझ्या शेजारी बसली आणि तोंडात आल्याचा केक असतानाच म्हणाली, "मेबल, त्या दिवशी तुला दिसल्या होत्या ना?"

"नाही" हे उत्तर माझ्या जिभेवर एकतीस वर्षं तयार होतं. पण मी म्हणाले, "सहा. मग पाच. मग सहा."

"वाटलंच मला."

"मग बोल की! शिव्या दे, काय द्यायचं ते दे."

"शिव्या कशाला?" तिला खरंच नवल वाटलं. "तू खरं लिहिलं असतंस तर ग्रिमशॉनं ते आपल्या नावावर छापलं असतं. शेवटी बारीक अक्षरात तुझे-माझे आभार, आणि आज मीही इथं तुझ्याबरोबर बाटल्या विसळत बसले असते. तुझ्यामुळे मला बाहेर पडावं लागलं." तिनं केकचे चिकट हात माझ्या हातावर ठेवले. "आभार मानायलाच आले होते गं."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी चार सुनावले असते.

आयुष्यात तिच्याविरुद्ध मी एकच डाव जिंकले होते. तोही तिचाच निघाला.