बंदरावरच्या मॅडम

शिरूरला माझं बियाण्याचं दुकान नवं होतं, तेव्हा परदेशातून मागवलेलं टोमॅटोचं बी मुंबईच्या बंदरात रोगतपासणीत अडकलं. इकडे निमोण्यात माझे वडील, आप्पा, रान तयार करून बसलेले. मी विनवणी करायला गेलो.

तपासणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. काचेच्या बशीला हात लावण्याआधी त्या बांगड्या काढून ठेवायच्या आणि झाकण उचलताना तोंड बाजूला वळवायच्या. त्यांनी मला आमच्याच बियांची रोपं दाखवली. कोवळ्या पानांवर पिवळे डाग होते.

"मॅडम, थोडंच बी आहे. सोडा की."

"बी परत पाठवता येतं हो. रोग तुमच्या रानात शिरला, तर तो कुणाकडे परत पाठवाल?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला.

बी परत गेलं. आम्ही उशिरा गावठी बी लावलं. माल बेताचाच आला, पण झाडं निरोगी राहिली. आप्पा म्हणाले, "त्या बाईमुळं रान वाचलं. त्यास्नी येक पाटी न्हेऊन दे."

मी गेलो, तर मॅडमची बदली झालेली. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण मुलीपुढे मी पाटी ठेवली. तिनं एक टोमॅटो उचलला आणि आधी उलटासुलटा करून नीट निरखला. मला फार बरं वाटलं.