उद्याचे दोन मार्क

दाणी सर वहीत दहापैकी चार मार्क द्यायचे आणि त्यापुढे लाल शाईने अधिक दोन लिहायचे. विचारलं तर म्हणायचे, "हे दोन उद्याचे. आज तुले येत नाही, उद्या येईल ना!" आमच्या शहरातल्या कमानिया गेटजवळ भांड्यांच्या दुकानावर एक खोली होती, तिथे ते इंग्रजी शिकवत. मी आणि माझी मोठी बहीण मंजूताई, दोघीही त्यांच्याच हाताखालच्या.

ओव्हरएस्टिमेट हे क्रियापद तिथेच शिकलो. "आहे त्याहून जास्त समजणं," असा अर्थ सांगून सरांनी लगेच वाक्य केलं, "आय ओव्हरएस्टिमेटेड माय स्कूटर." गव्हाचं पोतं लादलेली त्यांची स्कूटर आदल्याच दिवशी चढावर बंद पडली होती. आम्ही पोट धरून हसलो. मग म्हणाले, "वस्तूसाठी खुशाल वापरा. शिकणाऱ्या पोरासाठी नाही. पोराले जास्त समजलं तरच ते वाढते."

मंजूताईला ते सगळ्यांदेखत "अफसर" म्हणून हाक मारायचे. ती भोळी त्यावर विसंबली. रिछाईच्या कारखान्यातली नोकरी सोडून बँकेच्या अधिकारीपदाच्या परीक्षेला बसली आणि नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. दर वेळी इंग्रजीतच अडकायची. "थोडक्यात हुकलं, बेटा," सर म्हणायचे. थोडक्यात हुकत नव्हतं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. मला सरांचा फार राग यायचा, आणि ते समोर आले की तो टिकायचा नाही. असं करता करता परीक्षेला बसायचं वयही निघून गेलं.

शेवटच्या निकालाच्या दिवशी ती तडक वर्गात गेली. मी मागोमाग.

"सर, खरं काहून नाही सांगितलं? यू ओव्हरएस्टिमेटेड मी."

सरांनी खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. दहापैकी दहा."

"आणि उद्याचे दोन?"

सर स्टुलावर बसले. "ते आता कोणालेच नाही देत मी. भेव वाटून राहिलं, बेटा."

त्यानंतर त्यांनी खरंच कुणाला दिले नाहीत. मार्क अगदी नेमके पडू लागले आणि वर्गातलं हसणं गेलं. मागच्या हिवाळ्यात सरही गेले.

मंजूताई आता पनागरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. परवा ती पेपर तपासत होती. एका मुलीला चार मार्क पडले. ताईने लाल पेनाने पुढे अधिकची खूण केली आणि हात तिथेच थांबला.

"काय लिहू गं?" तिने विचारलं.