भंगारात गेलेल्या स्प्रिंगची रीडिंग्ज

“सही मारा की बाई. साडेचारची यष्टी हाय आमची.”

स्टाफरूमच्या दारात एक गृहस्थ अर्ज पुढं धरून उभे होते. त्यांच्या मागं त्यांची मुलगी, सुजाता कांबळे, अकरावी सायन्स. अर्ज होता सायन्स सोडून आर्ट्सला जाण्याचा. कोल्हापुरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात शाखा बदलायला महिनाअखेरपर्यंत मुदत असायची आणि अर्जावर क्लासटीचरची सही लागायची. क्लासटीचर मी, विषय फिजिक्स. गोष्ट नव्वदीच्या दशकातली.

“का सोडतेस गं?” मी विचारलं.

सुजाताची मान खाली. वडीलच बोलले. “तिचं ग्राफ वाकडं येत्यात म्हणं. समद्या वर्गाची लाईन सरळ, हिचीच तेवढी वाकडी. रोज घरात रडतीया. मी म्हटलं, झेपंना तर सोड. उगं दोन वरसं कशाला घालवायची?”

कांबळे हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीकडं पाणी सोडायच्या कामाला होते. रोज दोन वेळा गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. संध्याकाळचं पाणी सोडायला परत पोचायचं, म्हणून घाई. मी म्हटलं, सही करते, पण आधी जर्नल दाखव. जर्नल म्हणजे प्रयोगांची वही.

प्रयोग साधा होता. स्प्रिंगला खाली वजनं लावत जायची आणि प्रत्येक वजनाला ती किती लांबली ते मोजायचं. मग चौकटीच्या कागदावर आडवं वजन धरायचं, उभी लांबी धरायची, दोन्हींची गाठ पडेल तिथं टिंब द्यायचं. सगळी टिंबं बघितली की वजन आणि लांबी यांचं नातं डोळ्यांना दिसतं. त्यालाच ग्राफ म्हणायचं. दुप्पट वजनाला दुप्पट लांबी असेल तर शून्यातून निघालेली सरळ रेषा मिळते.

सुजाताच्या ग्राफमध्ये पन्नास ग्रॅमला स्प्रिंग हललीच नव्हती. शंभरलाही नाही. दीडशेपासून मात्र ती लांबायला लागली आणि पुढं टिंबं नीट सरळ वर गेलेली. त्यावर लाल पेननं मोठी फुली आणि शेरा: ‘रेषा शून्यातून हवी. पुन्हा काढणे.’ खाली सही माझी.

“मग पुन्हा का नाही काढलास?”

“काढला की मॅडम. चारदा काढला. चारदा तसाच आला. मग खोटं कसं लिवू मी?”

मला राग आला. चारदा चुकायचं आणि वर तोंड करून बोलायचं! “चल लॅबमध्ये, दाखव मला,” म्हणून तरातरा निघाले. मागून ती आणि तिचे वडील. स्टँडला स्प्रिंग अडकवली, पन्नास ग्रॅम लावलं. स्प्रिंग ढिम्म. शंभर लावलं. ढिम्म. दीडशे लावल्यावर कुठं वेढे एकमेकांपासून सुटले. मी वजनं काढून पुन्हा लावली. तेच.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी स्प्रिंग जूनमध्येच तुटली होती. नवी मीच उद्यमनगरातल्या मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणली होती, चांगली घट्ट बघून. इतकी घट्ट, की तिचे वेढे एकमेकांवर दाबून बसलेले. थोड्या वजनाला ती तोंडच उघडायची नाही. म्हणजे पोरीचा ग्राफ अगदी बरोबर होता.

मग बाकीच्या एकोणचाळीस जणांच्या रेषा शून्यातून सरळ कशा आल्या? कपाटातला जर्नलचा गठ्ठा काढला. सगळ्यांची रीडिंग्ज जवळपास एकच, पन्नास ग्रॅमला एक पॉइंट दोन सेंटिमीटर. अहो, ती जुन्या स्प्रिंगची रीडिंग्ज होती! जी भंगारात गेली तिची. सीनियरांच्या वहीतून पोरांच्या वहीत उतरलेली. काहींनी तर तेवढेही कष्ट घेतले नव्हते. आधी पट्टीनं लाईन मारायची, मग लाईनवरून रीडिंग्ज उचलायची, आणि खरं वाटावं म्हणून एखादं टिंब जरा बाजूला सरकवायचं. आणि मी आठ वर्षं त्यावर टिक करत आले होते. वर्गात एका पोरीनं खरोखर प्रयोग केला आणि मी नेमकी तिलाच फुली मारली. लाज वाटली मला. त्या दोघांसमोर उभं राहवेना.

“तिचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “चूक माझी आहे.”

कांबळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मुलीकडं. “ऐकलंस का? मग आता कशाला जातीस आर्ट्सला?”

सुजाता पहिल्यांदा मान वर करून बोलली. “आप्पा, मॅडम आज बरोबर म्हणत्यात. परीक्षेला दुसरं कोणतरी असणार, ते पण फुलीच मारणार की. आणि वर्गातली म्हणणार, बापाला आणून मार्क वाढवून घेतलं. मी जातो आर्ट्सला.”

पोरगी खोटं लिहायला तयार नाही, आणि खरं लिहून इथं निभाव लागत नाही, हे तिला माझ्यामुळंच कळलं होतं. मी कांबळ्यांना म्हटलं, “मुदतीला बारा दिवस आहेत. अर्ज माझ्याकडं राहू दे. शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतः या, जरा लवकर या. तेव्हाही जाते म्हणाली तर सही करीन. एक शब्द बोलणार नाही.”

“बघा बाई,” ते म्हणाले आणि एसटी स्टँडकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपलसरांकडं गेले. रोजचा एक जादा तास मागितला.

“मॅडम, अकरावीचं प्रॅक्टिकल कोण बघतंय? जर्नल पूर्ण करून घ्या आणि पोर्शन पळवा.”

“सर, जर्नल पूर्णच आहेत. तेच तर दुखणं आहे.”

“म्हणजे?”

“एकोणचाळीस पोरांनी तुटलेल्या स्प्रिंगवर प्रयोग केलाय.”

सर आधी हसले, मग हसायचे थांबले. “बारा दिवस. त्यानंतर पोर्शन मागं राहिला तर मला सांगायला यायचं नाही.”

मी हट्टाला पेटले. ज्याचं उत्तर कुठल्याच सीनियरच्या वहीत नाही असेच प्रयोग लावायचे, असं ठरवलं. उद्यमनगरातून एकसारखे नट आणले. एक नट, दोन नट, दहा नट, वजन करा, ग्राफ काढा. शून्यातून सरळ रेषा आली, पोरं खूश. मग तेच नट डब्यात घालून डब्यासकट वजन करायला लावलं. रेषा सरळ, पण शून्यातून जाईना. “मॅडम, चुकलं!” चुकलं कसं? रिकाम्या डब्याला वजन नाही का? मग फळीचा सी-सॉ केला. एका बाजूला ठरावीक वजन ठेवलं. दुसऱ्या बाजूचं दुप्पट केलं की ते निम्म्या अंतरावर सरकवावं लागायचं. तिथं रेषा वाकत खाली उतरली. तिरक्या पन्हाळीतून गोळी सोडून किती वेळात किती लांब गेली ते मांडलं, तर रेषा वाकत वर चढली.

आणि पट्ट्या जप्त केल्या. सगळ्या. आधी टिंबं, मग पट्टी. पोरं चिडली.

“मॅडम, उत्तर काय यायला पाहिजे तेवढं तरी सांगा की!”

“मला माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. मोजा.”

सुजाता सगळं मोजायची, लिहायची, कुणाशी बोलायची नाही. अकराव्या दिवशी मी विचारलं, “काय ठरवलंस?” म्हणाली, “आप्पा येणार हाईत उद्या.” म्हणजे जाणार होती. मला जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी मी टेबलावर निळा प्लॅस्टिकचा पिंप चढवला. तळाला नळ, बाहेरून उभी पारदर्शक नळी आणि तिला चिकटवलेली पट्टी, आतलं पाणी किती उंच आहे ते दिसायला. नळापासून वर बरोबर साठ सेंटिमीटर पाणी. कांबळे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. नळ सोडला. दोन मिनिटांनी पाणी सव्वाबावन्नवर, चार मिनिटांनी पंचेचाळीसवर, सहा मिनिटांनी सव्वाअडतीसवर. नळ बंद केला.

“आता ग्राफ काढा आणि सांगा, नळ उघडल्यापासून एकूण किती मिनिटांत पाणी नळापर्यंत येईल? पट्टी पाहिजे त्यानं घ्या.”

पट्ट्यांवर झुंबड उडाली. बारा दिवस घसा फोडला होता मी! चार टिंबं दिसली की पोरांनी पट्टी ठेवली आणि मारली रेष. उत्तर एकजात: साडेसोळा मिनिटं. सुजातानं पट्टी घेतली नाही. तिनं हातानं काढलेली रेषा पुढं जाईल तशी पसरट होत गेली होती. खाली लिहिलं होतं, चोवीस.

“आली परत वाकडी!” मागच्या बाकावरून एकजण ओरडला आणि वर्ग हसला. तिचे कान लाल झाले. वडीलही बघत होते.

मी नळ पुन्हा सोडला आणि घड्याळाकडं बोट दाखवलं. आधीची सहा धरून साडेसोळा मिनिटं झाली. पिंपात अजून बारा सेंटिमीटर पाणी.

“मॅडम, नळात कचरा अडकला असंल,” तोच मागच्या बाकावरचा.

“ये, बघ.”

त्यानं नळाखाली बोट घालून बघितलं. कचरा नव्हता. आता मात्र कांबळ्यांना राहवेना.

“खुळं हाय काय रं तुम्ही? टाकी भरल्याली असती तवा धार जोरात असती. पाणी खाली जाईल तशी धार मरती. टाकीचं शेवटचं हातभर पाणी लई वेळ खातंय. रोज बघतोय मी! तुमच्या त्या सरळ लाईनीवर पाणी सोडलं तर खालच्या गल्लीला घागरभर पण मिळायचं न्हाई.”

मला फळ्यावर जे दोन तास लागले असते ते त्यांनी एका दमात सांगितलं. उंची जास्त तर तळाशी दाब जास्त, दाब जास्त तर धार मोठी. उंची उतरेल तशी धार बारीक. म्हणून रेषा वाकते, आणि ती वाकायलाच पाहिजे.

चोवीस मिनिटं झाली. बारीक धार चालूच. धार तुटली तेव्हा अठ्ठावीस झाली होती.

“सुजाता पण चुकली!” कुणीतरी आनंदानं ओरडलं. बारा दिवसांची खटपट, आणि ती शेवटी वर्गासमोर चुकलीच.

सुजाताचं लक्षच नव्हतं. ती कागदावर वाकली होती. “मॅडम, माझी चार मिनिटं कुठं गेली? मी दर दोन मिनिटाला घसरण अर्धा सेंटिमीटरनं कमी धरली होती.”

“पाव सेंटिमीटर वाचताना इकडंतिकडं झालं असेल. तीनच रीडिंग्जवर एवढं लांबचं सांगितलंस तू.”

“मग मिनिटा-मिनिटाला घेऊया की.”

मी अर्ज टेबलावर ठेवला. ऑफिस बंद व्हायला अर्धा तास होता. कांबळ्यांनी विचारलं, “काय गं, करायची का सही?”

“थांबा हो आप्पा,” ती म्हणाली, “आधी पिंप भरू द्या.” आणि बादली उचलून बाहेरच्या नळावर गेली. तिच्या मागं तो कचरावाला पण गेला. कांबळ्यांनी अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि दुसरी बादली शोधायला लागले.

सुजाता सायन्सलाच राहिली. बारावीला मार्क बरे पडले, फार थोर नाहीत. पोर्शन माझा मागं पडला तो पडलाच आणि प्रिन्सिपलसरांची बोलणी मी मुकाट खाल्ली. एक सवय मात्र लागली. चाळीस वह्यांत एकाच वहीत उत्तर वेगळं दिसलं, की मी फुली मारायच्या आधी उठून तो प्रयोग स्वतः करून बघते. दहापैकी नऊ वेळा ती वही चुकलेलीच निघते. तरी उठते.